होळीच्या माळेतला मोर

वहिनी बाळंतपणाला आखाडा बाळापूरला माहेरी गेली, तेव्हा तिची दोन्ही लेकरं हिंगोलीत आमच्याकडेच राहिली. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. मी नुकतीच हैदराबादेतली इंग्रजी शाळा संपवून घरी आले होते. माणसांत बसले की मला शब्द सुचत नसत. लेकरांबरोबर हातांनी काही करत बसलं की बोलावं लागत नाही, म्हणून मी त्यांना पानाफुलांची चित्रं करायला शिकवलं.

थंडीत हळदीच्या शेतातून वाळकी पानं आणून आम्ही त्यांचे पक्षी कापले. हळदीच्या पाण्यात चुना कालवून लाल रंग केला. फाल्गुनात पळस फुलला, तशा दुपारच्या दुपारी फुलं वेचण्यात गेल्या. छान जमलेलं चित्र मी ओसरीच्या भिंतीला लावायची. आमच्या शाळेत उत्तम काम भिंतीवर जाई, बाकीचं टोपलीत. भिंतीवर जागा मिळाल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊक होतं. शाळेतला तेवढाच एक आनंद मला आठवतो.

होळी जवळ आली तशी आईने शेणाची पाटी अंगणात आणून ठेवली. चाकोल्या करायच्या होत्या. चंद्र, सूर्य, फणी अशा आकारांच्या या लहानशा गोवऱ्या भोक पाडून वाळवायच्या, सुतळीत ओवायच्या आणि ती माळ होळीत टाकायची. मी पायरीवर कोरड्या हातांनी बसून आकार सुचवत होते.

"शेणाला हात लागला तर इंग्रजी पुसून जाती का गं तुझी?" आई म्हणाली.

लेकरं खिदळली. मीही हसले. हात मांडीवरून हलवले नाहीत.

मुलाने एक गोळा थापून पुढे केला.

"पोळी छान झाली," मी म्हणाले.

"पोळी न्हाई आत्या, हत्ती हाय. झोपलाय."

मुलगी कोपऱ्यात मोर करत होती. पिसाऱ्यावर तिने चिंचेची बारीक पानं दाबून उचलली, तर पानापानाचा ठसा शेणात उमटला. मानेपाशी काडीने भोक पाडलं. मग त्या भोकाला ओठ लावून बराच वेळ बसून राहिली. लवकर वाळावा म्हणून फुंकर घालत असेल, असं मला वाटलं.

मोर वाळला तेव्हा पिसाऱ्यावरची एकेक रेघ स्पष्ट दिसत होती. एवढं सुंदर काम जाळायचं हे मला बघवेना. माळ ओवायचं काम माझ्याकडेच होतं. मी मोर बाजूला काढला, त्याच्या जागी एक साधी चाकोली ओवली आणि मोर कपाटात माझ्या पुस्तकांमागे ठेवला. वहिनी आली की भिंतीवर लावू, मुलगी हरखून जाईल, असं मनात होतं.

संध्याकाळी चौकात होळी पेटली. मी दारातूनच पाहिली. मुलगी धुराने डोळे लाल करून परत आली.

"आत्या, माझा मोर जळला ना? मला तर दिसलाच न्हाई."

"जळला की," मी म्हणाले.

"मग झालं. आईचा ताप त्याच्या कानात सांगितला होता मी. आजी म्हणली, होळीत घरातली रोगराई जळती."

बाळापूरहून निरोप आला होता, बाळ ठीक आहे, पण वहिनीचा ताप हटत नाही. लेकरांना यातलं काही कळलं नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी तिचे हातपाय धुतले आणि पुरणपोळी वाढली.

सकाळी आईने होळीचे निखारे घमेल्यात आणून अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवली. मुलगी चुलीपुढे बसली होती. मी कपाटातून मोर आणला आणि तिच्या हातात दिला.

ती रडली नाही. आधी पिसारा कुठे तुटलाय का ते तिने बघितलं.

"काहून ठेवला?"

"फार चांगला झाला होता गं."

"चांगलाच केला होता. आईसाठी होता ना."

ती माझ्या आईकडे वळली. "आजी, हा विस्तव होळीचाच हाय ना?"

"होळीचाच गं बाई," आई म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि चुलीतलं लाकूड बाजूला सारून मोराला जागा केली.

मुलीने मोर हळूच आत सरकवला. आधी नुसता धूर झाला, मग पिसाऱ्याने पेट घेतला. त्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी अंघोळी केल्या.

पुढचा निरोप येईपर्यंत दाराची कडी वाजली की मी हातातलं टाकून आधी धावत असे. तापाचा आणि मोराचा काही संबंध नाही, असं मी रोज स्वतःला इंग्रजीत बजावत असे. मराठीत ते मला पटत नव्हतं. वैशाखात वहिनी बाळाला घेऊन परत आली, खूप वाळलेली, पण बरी. बैलगाडीतून तिला मीच उतरवून घेतलं.

पुढच्या होळीला मी कुणी सांगण्याची वाट न पाहता शेणात हात घातले. मुलगी माझ्याकडे पाठ करून बसली होती. काय करतेस म्हणून मी वाकून पाहू लागले, तर तिने दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"जळल्यावर सांगते," ती म्हणाली.