पाचशे वॅट आणि चार बोटं

अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही, आणि कधीच नव्हता. रत्नागिरीत दुरुस्तीच्या दुकानात मी पाच वर्षं काम केलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतलेली मुलगी सोल्डरिंग कशी करते ते बघायला गिऱ्हाइकं मुद्दाम थांबत. मी थांबू देई. माझ्या हातून गेलेलं मशीन परत येत नसे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आमचं गाव पावसच्या अलीकडे. दोन हजार सालाच्या आसपास गावच्या मुंबईकरांनी देवळाला नवा अ‍ॅम्प्लिफायर दिला. त्यावर सोनेरी अक्षरांत पाचशे वॅट. सप्ताहाच्या समाप्तीला दुपारी भजन असे आणि पहिला अभंग माझे बाबा म्हणत. पंचवीस वर्षं तो मान त्यांचाच होता. त्या वर्षी मात्र अंगणात बसलेल्यांना त्यांचा शब्द कळेना. बटण वाढवलं की कर्णा शिट्टी मारी. पुढे गावकीची बैठक झाली तेव्हा कुणीतरी विषय काढला की बुवांचा गळा उतरलाय, मान आता दुसऱ्याला द्यावा. बाबा खाली बघत बसले. मला ते बघवेना. मी मागून उठले आणि सांगितलं की दोष गळ्यात नाही, मशीनमध्ये आहे, आणि पुढच्या समाप्तीच्या आत मी तो काढून दाखवीन. बैठकीत बाई बोलली याचं लोकांना नवल वाटलं. मला अजिबात वाटलं नाही.

मशीन एसटीने रत्नागिरीला नेलं. कर्ण्याच्या जागी जाडजूड रेझिस्टर जोडून मोजलं, तर आवाज फाटेपर्यंत सलग जेमतेम चाळीस वॅट निघाले. पाचशे हा आकडा क्षणभराच्या उसळीचा, तोही छापणाऱ्याच्या मर्जीने फुगवलेला. मला चेवच आला. मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला, चांगले ट्रान्झिस्टर निवडले, उष्णता बाहेर टाकायला हातभर अ‍ॅल्युमिनियम लावलं आणि खरेखुरे दोनशे वॅट देणारं मशीन बांधलं. एका रविवारी देवळात जोडलं. बाबा गायले. शब्द पुन्हा कळेना, आणि बटण वाढवल्यावर तीच शिट्टी, फक्त आधीपेक्षा जोरात.

चूक माझी होती, आणि कबूल करायला मला दोन दिवस लागले. गिऱ्हाइकांना मी रोज समजावून सांगत असे की वॅट ही मर्यादा आहे, आवाज न फाडता मशीन किती जोर लावू शकतं त्याची. आत आलेला आवाज ते किती पटीने वाढवतं, तो गेन, आणि तो वेगळा. बाबांच्या आवाजाला चाळीस वॅटांतले चारही लागत नव्हते. मूठभर तांदळासाठी मी मोठं पातेलं चढवून बसले होते. बरं, गेन वाढवावा, तर बाबांचा आवाज, झांजा आणि डोक्यावरचा पंखा सगळंच सारख्या पटीने वाढतं, आणि कर्ण्यातून निघालेला आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी होते.

म्हणजे माइकमध्ये शिरतानाच आवाज कमी पडत होता. कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. देवळात माइक एकच, सगळे बुवा आळीपाळीने त्यात गाणार. तोंडाजवळ घेतला तर तो उष्टा होईल, आणि देवासमोर उष्टी वस्तू पुढच्याला कशी द्यायची? म्हणून माइक तोंडापासून हातभर लांब. ही रीत मी लहानपणापासून बघत होते, म्हणूनच ती मला दिसली नाही.

मी धुवट धोतराचे चौकोनी तुकडे केले. प्रत्येक बुवाला स्वतःचा तुकडा. तो माइकवर चढवायचा, रबर लावायचं, गाऊन झालं की काढून घ्यायचा. देवळाच्या गुरवांनी एक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि हरकत नाही म्हणाले. दोनशे वॅटचं मशीन मी घरी ठेवलं आणि मुंबईकरांचंच जुनं पुन्हा लावलं.

समाप्तीच्या दुपारी बाबांनी माइक तोंडापासून चार बोटांवर धरला. शिट्टी नाही, खरखर नाही. अंगणातच काय, पायऱ्यांखालच्या रस्त्यावरही एकेक शब्द स्वच्छ गेला. आणि शब्दाबरोबर बाकीचंही सगळं ऐकू गेलं. प्रत्येक ओळीनंतर लागलेली धाप गेली. वरच्या सुरावर आवाज थरथरला, मग चिरला, तेही गेलं. मी मशीनपाशी बसले होते, हात बटणावर होता, आणि करण्यासारखं काही नव्हतं. दोष मशीनमध्ये उरलेला नाही हे मी आख्ख्या गावाला दाखवून दिलं होतं.

बाबांनी अभंग पुरा केला. माइकवरचं फडकं काढलं, घडी करून खिशात घातलं. दुसऱ्या अभंगासाठी बसलेल्या तरुण बुवाला त्यांनी माइक दिला आणि पुढच्या वर्षीपासून पहिलाही तूच म्हण, असं सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन बसले.

"बाय, मशीन चांगला झालाय तुजा," ते म्हणाले. "आता दोष द्यायला कायच नाय ऱ्हयला."

आवाजात राग नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात तरुण बुवाने सुरुवात केली. त्याचा गळा भरदार होता. मला गेन निम्म्यावर आणावा लागला.