विमावाल्या वहिनींची सायकलफेरी

इंद्रायणी भोर समोरून येताना दिसल्या, की घोडेगावच्या स्टँडवरची निम्मी माणसं एकाएकी कामात गढून जायची. कुणी मोबाइल कानाला लावायचा, कुणी उभ्या एसटीची पाटी पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाचत बसायचा. वहिनी विमा विकायच्या. गाडीचा, गाईचा, माणसाचा. आणि एकदा का त्यांनी "काय भाऊ, बरंय ना?" म्हणून हाक मारली, की माणूस चहा पिऊन आणि सही करूनच सुटायचा.

त्यांचं गाव अवसरी बुद्रुक. नवरा गोरख शेती बघायचा, शिवाय गोठ्यात चार गाई. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांतली एक जर्सी गाय आजारानं दगावली. गोरख डोक्याला हात लावून बसला. पण गाईचा विमा काढलेला होता; तिच्या कानातला बिल्ला बघायला कंपनीचा माणूस दारात आला आणि थोड्याच दिवसांत नवी गाय दावणीला लागली. अख्खं घर त्या गाईला ओवाळत होतं, तेव्हा वहिनी त्या माणसाला बाजूला घेऊन विचारत होत्या, "हे काम बाईमाणसाला जमतं का हो?" पुढं त्यांनी विमा एजंटाची परीक्षा दिली, घोडेगावात स्टँडमागं एक गाळा घेतला आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली.

या धंद्यानं त्यांना एक खोड मात्र लागली. जिथं तिथं त्यांना अपघात दिसायचा. लग्नाला गेल्या की नवरीआधी मांडवातली उघडी वायर बघायच्या. गोरख पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या हिला देवानं डोळं नाय दिलं राव, विम्याचा सर्व्हेअर दिलाय!"

डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांच्या गाळ्यापुढं तेजस्विनी हिंगे उतरली. ही अवसरीचीच पोरगी, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. तिथल्या सायकलवाल्यांच्या एका क्लबात तिचा पुढाकार होता.

"काकू, आमचा क्लब जानेवारीत इकडं सायकलफेरी काढतोय. घोडेगावहून डिंभे धरणाच्या कडेनं वर आहुप्याच्या अंगाला. जमेल तेवढी मदत गोळा करून डोंगरातल्या शाळेला द्यायची. तेवढा एका दिवसाचा सगळ्यांचा विमा काढून द्या."

वहिनींनी आजवर दिवसाचा विमा काढला नव्हता, आणि सायकलस्वारांचा तर मुळीच नाही. त्यांनी कंपनीच्या पुण्यातल्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी विचारलं, "मॅडम, हा साधा प्रवास, की साहसी प्रवास? घाट किती, उतार कसा? साहसी असेल तर अटी वेगळ्या, पॉलिसी वेगळी."

"बघून सांगते," वहिनी म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी डोंगराकडच्या एसटीत बसल्या.

गाडीनं धरणाचं पाणी मागं टाकलं, वळणं सुरू झाली. वहिनी खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता बघत होत्या. शेवटी कंडक्टर वैतागला. "ताई, मान आत घ्या. तुमचाच विमा वसूल व्हायचा!"

तिरपाडच्या पुढं एका वाडीपाशी वहिनी उतरल्या आणि आलेला घाट उलटा चालत निघाल्या. एका वळणावर रस्त्यावर खडीच खडी पसरली होती. खाली करवंदाच्या जाळ्या. त्या तिथं थबकून फोटो काढत होत्या, तेवढ्यात वरच्या खळ्यावरून हाक आली, "काय हरावलं का वं बाई?"

हाक मारणारी कोंडाबाई तिथं भात झोडत होती. अंगानं काटक, केस पांढरे, आवाज खणखणीत. तिनं वहिनींना खळ्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. वहिनींनी विमा म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

कोंडाबाईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी पडल्याव पैसं?"

"हो मावशी."

"आन् पडूच नाय म्हून काय देत्यात?"

वहिनींना हसू आलं. कोंडाबाईच बोलत राहिली. "या वळणाव आमची मोटारसायकलवाली पोरं बी घसारत्यात. तुमच्या दिवशी आमी येकयेक माणूस उभं करू वळणाला. त्यात काय!"

परत जायची गाडी संध्याकाळीच होती, म्हणून वहिनी थांबल्या. दिवस कलल्यावर शाळेच्या पोरी घाट चढून घरी येताना दिसल्या. पाठीवर दप्तरं, हातात चपला. त्यात कोंडाबाईची नात अक्षदा होती. सकाळी अंधारातच निघावं लागतं, म्हणाली, आणि पावसाळ्यात तर निम्म्या पोरी शाळाच सोडतात.

वहिनींनी तिथूनच तेजस्विनीला फोन लावला. वाडीत रेंज एकाच दगडावर यायची, म्हणून त्या दगडावर चढून मोठ्यानं बोलत होत्या. "तेजू, मदत-बिदत गोळा करू नका. येताना प्रत्येकानं एक जास्तीची सायकल आणा. तुमच्या घराघरांत जुन्या पडून असतील. पोरींना द्या."

पलीकडून तेजस्विनी ओरडली, "काकू, हे आम्हाला का नाही सुचलं?"

पुढचे दिवस वहिनींचे धावपळीत गेले. घाट होता म्हणून साहसी प्रवासाचा विमा ठरला. अटी आल्या: प्रत्येकाला हेल्मेट, सोबत दवाखान्याची गाडी, आणि वय सत्तरच्या आत. ही शेवटची अट नेमकी हौशीराम नानांना आडवी आली.

नाना पारगावचे. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी अजून रोज सायकलवरून शेतात जायचे. फेरीची बातमी कळताच धोतर खोचून गाळ्यात हजर. "माझं नाव घाल वैनी, पयलं."

वहिनींनी आधार कार्ड बघितलं. "नाना, तुमची सत्तरी कवाच उलटली."

"मास्तरनं एक जून लिवलंय बघ. सगळ्या गावाची तीच तारीख. साल बी अंदाजानंच टाकलंय त्यानं!"

"साल अंदाजाचं असंल नाना, पण गुडघं तर खरं हायेत ना? खोटं वय मी लिहिणार नाही. उद्या काही झालं तर कंपनी तुम्हालाही देणार नाही, न् बाकीच्यांचंही अडकवंल."

नाना रुसले. चहा अर्धा टाकून उठले. ते पायऱ्या उतरले आणि वहिनींच्या जिवाला चैन पडेना. त्या मागोमाग धावल्या. "नाना, थांबा. त्या खडीच्या वळणाला मला खमक्या माणूस पाहिजे. पोरं ऐकतील असा. शिट्टी आणि लाल फडकं देते."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "शिट्टी मोठी दे," म्हणाले.

फेरीच्या दिवशी घोडेगाव फुलून गेलं. रंगीत कपड्यांतले सायकलस्वार, मागं दोन टेंपो भरून जुन्या सायकली. वहिनी पदर खोचून प्रत्येकाच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून बघत होत्या. एकाला म्हणाल्या, "हेल्मेट डोक्याला घालायचं असतं बाळा, हँडलला नाही."

चढ सुखरूप पार पडला. वळणावळणावर वाडीची माणसं उभी होती. कुणी पाणी देत होतं, कुणी नुसतंच "हाणा, हाणा!" म्हणून ओरडत होतं. वर पोचल्यावर सगळ्यांनी बाजरीची भाकरी आणि पिठलं खाल्लं. खरी धास्ती उतरणीची होती. ठरल्याप्रमाणं नानांच्या वळणाला सगळ्यांनी उतरून पायी चालायचं होतं. सगळे चाललेही. फक्त शौर्य नावाचा एक तरणा पोरगा वाऱ्यासारखा आला. नानांनी छाती फुटेस्तोवर शिट्टी फुंकली, फडकं नाचवलं. पोरगा खडीवरून घसरला आणि सायकलीसकट करवंदाच्या जाळीत गडप झाला.

सगळ्यांत आधी नानाच खाली उतरले. "आरं, लाल फडकं दिसलं नाय व्हय तुला?"

"दिसलं आजोबा," शौर्य कण्हत म्हणाला, "पण ब्रेकला नाही दिसलं."

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. बाकी नुसतं खरचटलं होतं. डोकं हेल्मेटनं वाचवलं. वाडीच्या माणसांनी त्याला अलगद वर काढलं, दवाखान्याची गाडी मागंच होती, ती त्याला घेऊन मंचरला गेली. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा वहिनींना कळलं, की आपण कोंडाबाईचा हात गच्च धरून उभ्या आहोत.

"वाचला न्हवं?" कोंडाबाई म्हणाली. "मग चला. पोरी वाट बघत्यात."

घाटाखालच्या शाळेच्या पटांगणावर सायकली रांगेनं लागल्या होत्या. भाषणं झाली, हार झाले, टाळ्या झाल्या. पोरींनी आपापली सायकल धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"बसा की गं!" तेजस्विनी म्हणाली.

अक्षदानं मान खाली घातली. "आमाला येत नाय."

क्लबवाले एकमेकांची तोंडं बघू लागले. इतका विचार केला, हेल्मेटं मोजली, दवाखान्याची गाडी आणली, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. तेजस्विनीचा चेहरा रडवेला झाला.

वहिनी मात्र खो-खो हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी नऊवारी नेसल्यासारखा साडीचा काचा मारला, अक्षदाच्या हातातली सायकल घेतली आणि टांग टाकली. माहेरी शाळेला त्या सायकलनंच जायच्या. लग्नानंतर मात्र हँडलला हात लागला नव्हता. पहिल्या फेरीत सायकल कोंबड्यांत शिरली, दुसऱ्या फेरीत सरळ धावली. पटांगण टाळ्यांनी दणाणलं. टेंपोबरोबर आलेला गोरख आ वासून बघत राहिला.

"ये, बस," त्या अक्षदाला म्हणाल्या. "मागून मी धरते. खाली बघायचं नाही, पुढं बघायचं."

त्या संध्याकाळी सगळ्या क्लबाचा सायकलींच्या मागं पळून पळून दम निघाला. पोरी पडत होत्या, उठत होत्या, गुडघे खरचटले की हसत होत्या. गोरखनं विचारलं, "ह्या पडण्याचा इमा हाय का गं?" वहिनी पळता पळताच ओरडल्या, "ह्याचा विमा कुठल्याच कंपनीकडं नाही हो!"

शौर्यचा क्लेम पास झाला. त्यानं अर्जात सरळ लिहून दिलं होतं, की आपण भरधाव होतो आणि थांबायची खूण मानली नाही. वहिनींना वाटलं होतं, क्लेम गेला; पण वळणावर माणूस होता आणि डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून कंपनीनं हरकत घेतली नाही. हात गळ्यात बांधलेला तो पोरगा नानांसाठी पेढे घेऊन पारगावला जाऊन आला.

वहिनी आता दर रविवारी सकाळच्या एसटीनं डोंगरात जातात. बऱ्याच पोरी आता घाटही उतरतात, खडीच्या वळणाला न सांगता पायउतार होतात. गेल्या रविवारी वहिनी पटांगणात पोचल्या, तर पोरींचा घोळका कशाभोवती तरी खिदळत होता. मधोमध कोंडाबाई सायकलवर बसली होती, दोन्ही बाजूंनी नातीनं आणि तिच्या मैत्रिणीनं धरलेलं.

"सोडू नगा गं!" ती ओरडत होती. पोरींनी सोडलं. कोंडाबाई आठ-दहा हात सरळ गेली आणि ऐटीत गवताच्या गंजीत जाऊन बसली.