तांबड्या दोऱ्याची गाठ

मिहिर, इरा, हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. इरा, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, वारा मोजायच्या मनोऱ्यावरून आलेले आकडे मी तपासते, वेडेवाकडे वाटले की काढून टाकते." तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून आत्ता लिहिते.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. तेलाचे भाव भडकले होते आणि आमच्या विभागाच्या सरांनी बार्शीपलीकडच्या डोंगरात वाऱ्यावर वीज करायचं मनावर घेतलं होतं. पवनचक्कीचं चाक कुठे उभारायचं — पायथ्याला वस्तीजवळ, की माथ्यावर? त्यासाठी हवा केव्हा थरांत निपचित पडून राहते आणि केव्हा ढवळली जाते, हे कळायला हवं होतं. पायथ्याला एक थर्मामीटर लावला, माथ्यावर एक. रोज सूर्य उगवण्याआधी दोन्ही वाचायचे.

वाचणार कोण? वस्तीवरची सुगलाबाई. तिला अक्षरओळख नव्हती. मग मी युक्ती काढली — त्या युक्तीचा मला आजही अभिमान आहे! भवानी पेठेतल्या मैत्रिणीच्या मागावरचा दोरा आणला. माथ्यासाठी तांबडा, पायथ्यासाठी पांढरा. नळीला तळापासून दोरा लावायचा, पारा जिथवर चढला तिथे गाठ मारायची. रोजची एक जोडी. रविवारी दुपारी मी एसटीने जायची, गाठ किती उंचीवर आहे ते पट्टीने मोजायची आणि वहीत आकडे उतरवायची.

पहिल्याच आठवड्यात तांबडी गाठ वर निघाली. म्हणजे माथा उबदार आणि पायथा गार? उंचावर थंडी असते, हे मी वर्गात शिकवत होते. दुपारी वर चढताना जाणवतही होतं. हिने दोऱ्यांची अदलाबदल केली, दुसरं काय? मी आकडे उलटे करून उतरवले. सलग सहा आठवडे. आणि मग वस्तीवरच्या बायकांसमोर तिला विचारलं, "तांबडं-पांढरंही कळत नाही का गं तुला?"

ती हसली. "रंग कळत्यात की, बाई. पहाटं वर उबारा हाय, खाली गारठा. माझ्या शेरडाला बी कळतंय. तुमी एकदा तरी या की पहाटं!"

बायका खिदळल्या. मला झोंबलं. मी सरांना सांगितलं, बाई निष्काळजी आहे. तिचं काम थांबलं.

पुढचा आठवडा मलाच वस्तीवर राहून मोजावं लागलं. पहिल्याच पहाटे पायथ्याला चुलीचा धूर थोडा वर गेला आणि आडवा पसरला. पान हलत नव्हतं. माथ्यावर पोचले — आणि पदर उडाला! गार, जड हवा खाली तळ्यासारखी साचली होती आणि वरचा उबदार वारा तिच्यावरून मोकळा सुटला होता. हातातली तांबडी गाठ पांढरीच्या वर होती. पुस्तकात हे पुढच्याच प्रकरणात होतं. अभ्यासक्रमात नाही म्हणून मी ते सोडलं होतं.

मग मी काय केलं? सोलापूरला परतून जुन्या दोऱ्यांवरून नवी वही लिहिली. सरांना म्हणाले, "मला शंका आली, म्हणून स्वतः जाऊन पाहिलं." चाक माथ्यावर गेलं. आणि पोरांनो, काय सांगू — खाली पान हलत नसताना वर चाक घुमलं, दिवा लागला! सगळी वस्ती ओरडली, मीही ओरडले. आयुष्यात तेवढा आनंद मला क्वचितच झाला. सरांनी माझं नाव घेतलं. सर्वांत जोरात टाळ्या सुगलाबाईने वाजवल्या. शेजारणीला म्हणत होती, "बग, म्हनलं न्हवतं मी?"

मी ते ऐकलं. एक वाक्य बोलायचं होतं. मी नमस्कार केला आणि खाली बसले. 'निष्काळजी' हा शब्द मी कधीच मागे घेतला नाही. तिला ते काम परत मिळालं नाही.

सुगलाबाई गेली. चाक भंगारात गेलं. तिचे दोरे माझ्याकडे स्टीलच्या डब्यात आहेत, जोडीजोडीने गुंडाळलेले. काल पट्टी घेऊन सगळे पुन्हा मोजले. प्रत्येक जोडीत तांबडी गाठ वर आहे.