समझौत्यावरची शेवटची ओळ

"मास्तरीणबाई, तुम्ही खाली बसा. खुर्च्या माणसांना लागतात."

हे काकाजी म्हणाले. समाजातले मोठे, कापसाचे व्यापारी. मी खुर्चीवरून उठले आणि सतरंजीवर बसले. बारा वर्षं शाळेत शिकवते मी. तरी उठले.

खुर्च्या अकरा होत्या. अकरावी, दाराजवळची, आमच्या बाबांना दिली होती. माझी धाकटी बहीण रंजू उंबऱ्यापाशी उभी होती, पदर पुढे ओढून. तिचं सासर खकनारकडचं. केळीच्या बागा, मोठं घर, मोठी माणसं. तिथून ती आठ दिवसांपूर्वी एकटी बसनं आली होती. आता तिला परत धाडायची बैठक होती. समझौता लिहायचा होता.

काकाजी म्हणाले, मास्तरीणबाईंचं अक्षर मोत्यासारखं आहे, त्यांनीच लिहावं. आमचा भाग हिंदी राज्यातला, असे कागद हिंदीत होतात. ते सांगत गेले, मी मांडीवर वही ठेवून रंजूच्या नावानं लिहीत गेले. मुझसे गलती हुई. आगे से ससुरालवालों से मेरी कोई शिकायत नहीं.

रंजूला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

काकाजी थांबले. कागद मला अपुरा वाटला. शिकलेल्या माणसाची खोड. अशा कागदाच्या शेवटी काय असतं ते मला ठाऊक होतं. मी माझ्या मनानं एक ओळ घातली आणि वाचून दाखवली. मैं यह अपनी मर्ज़ी से लिख रही हूँ.

"वा," काकाजी म्हणाले. "याला म्हणतात शिक्षण."

रंजूचा नवरा हसला. म्हणाला, ताईंना आमच्याच घरी ठेवून घेतो, कागदपत्रं करायला. सगळे हसले. बाबाही हसले, थोडेसे.

रंजूनं सही केली. सही करताना बाही वर सरकली. वैशाखात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. तिनं बाही झटकन खाली ओढली. मी पाहिलं होतं. पाहून पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर ती आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली नाही. पुढच्या आखाजीलाही नाही. यंदा जमणार नाही ताई, एवढंच म्हणायची. मी फोन केला की मागे टीव्ही चालू असे. ती बोलायला लागली की टीव्हीचा आवाज कमी होई. कोणीतरी ऐकत असे. हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, चांगली माणसं आहेत, बोलताना त्रास नको म्हणून आवाज कमी करतात. इतकी पुस्तकं वाचलेली मी. मारझोडीबद्दलही वाचलं होतं. ती पुस्तकातल्या बायकांना होते असं धरून चालले होते.

मग एका सकाळी निरोप आला. मोरीत पाय घसरून रंजू गेली म्हणे.

मी पोलीस ठाण्यात गेले. अर्ज घेऊन, एकटी. तिथे सासरच्यांनी तो कागद माझ्याआधीच पोचवला होता. टेबलामागच्या शिपायानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"अपनी मर्ज़ी से लिखा है, मैडम. लिखावट भी एकदम साफ है. किसकी है?"

"मेरी," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली. मी कागदाची झेरॉक्स मागितली. ती त्यानं दिली. अजून माझ्या पर्समध्ये आहे, चार घड्या घालून. घड्यांवर शाई उडाली आहे. शेवटची ओळ मात्र स्पष्ट वाचता येते.

वर्षभरानं काकाजींचा निरोप आला. आमच्या गल्लीतली पूजा, देडतलाईला दिलेली, माहेरी परत आली होती. बैठक होती. मास्तरीणबाईंना बोलवा, त्यांचं अक्षर चांगलं आहे.

त्यांना आठवतच नव्हतं. माझी बहीण, तो कागद, काहीच नाही. माझं अक्षर तेवढं लक्षात होतं.

मी गेले. पुन्हा खुर्च्या, पुन्हा सतरंजी. काकाजींनी सुरुवात केली, लिहा, मुझसे गलती हुई. मी वही उचलली, पूजाचा हात धरला आणि तिला आत स्वयंपाकघरात नेलं. दाराला कडी घातली. जे रंजूला विचारायला हवं होतं ते विचारलं.

"तुला परत जायचंय का?"

कडी नीट लागली आहे ना, ते तिनं वळून पाहिलं. मग म्हणाली, "मले नाही जायाचं, ताई. मले मारून टाकतील ते."

मी तेच लिहिलं. तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत. कुठे, कशानं, कोणी, ती सांगेल तसं. माझं एक अक्षर घातलं नाही. तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, हे घेऊन जाऊ या का? तिनं मान हलवली.

बाहेर आलो. काकाजींनी हात पुढे केला.

"हा कागद तुमच्यासाठी नाही," मी म्हणाले.

"समाजात कोणी दारात उभं करणार नाही तुम्हाला."

"नका करू."

ऑटोनं आम्ही बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी आधी पाणी दिलं. मग डॉक्टरांना दाखवलं, राहायची सोय सांगितली, तक्रार कशी होते ते समजावलं. प्रत्येक वेळी पूजालाच विचारत होत्या, तुला काय हवंय? इतकं साधं होतं ते. शहरातच होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी शोधलंच नव्हतं.

पूजा आत जरा आडवी झाली तेव्हा मी पर्समधली झेरॉक्स काढली. त्या बाईंनी ती दोनदा वाचली. म्हणाल्या, हे कसं लिहिलं गेलं त्याचा जबाब लिहिणाऱ्यानं द्यावा. पुढे काय होईल, त्याचा शब्द देत नाही.

शब्द मला नकोच आहे.

मी जबाब लिहिते आहे. हळूहळू, एकही गोष्ट न गाळता. शेवटची ओळ माझी होती, हे सगळ्यात आधी लिहिलं. सरकलेली बाही मी पाहिली होती, तेही लिहिलं. आता खुर्च्या. कोणत्या खुर्चीवर कोण बसलं होतं, मला पाठ आहे.

पहिलं नाव काकाजींचं. अकरावं आमच्या बाबांचं.