नाही सर

महाल भागातल्या एका दुकानाच्या ओट्यावर ती साड्यांना फॉल लावत बसलेली असते. चाळिशीची असेल. नाव मी कधी विचारलं नाही. दोऱ्यांच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा असतो आणि त्यात कुणी तरुण सर दहावीचं गणित शिकवत असतात. यंदा बाहेरून परीक्षेला बसायचं म्हणून तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय.

हात फॉलवर, कान सरांकडे. सर मध्येच विचारतात, "समजलं ना?" तेव्हा ती सुई थांबवते, पदर सारखा करते आणि नीट विचार करून उत्तर देते. कधी "हो सर", कधी "नाही सर". नाही म्हटलं की बोटानं व्हिडिओ मागे ओढते आणि सर पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतात.

परवा बायकोची साडी घ्यायला गेलो, तेव्हा एकाच गणिताला ती चौथ्यांदा नाही म्हणाली. मला हसू आलं.

"अहो, ते आधीच रेकॉर्ड केलेलं आहे. त्यांना ऐकू जात नाही."

"माहीत आहे नं काका," ती दातानं दोरा तोडत म्हणाली. "पण शाळेत मले एकदाही 'नाही' म्हणता आलं नाही. साऱ्या पोरी हो म्हणत, मीबी म्हणो. आता म्हणून घेऊन राहिली."

साडी घेऊन निघालो. पस्तीस वर्षं मी गणितच शिकवलं. रोज विचारायचो, समजलं ना? सगळा वर्ग एका सुरात हो म्हणायचा आणि मी फळा पुसायचो.