पत्रिकेवरचा वकील

मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो ती पायरीही बरोबर निघाली नाही. तरी गावातले लोक अजून विचारतात, "वकीलसाहेब, कोट कधी घालणार?" प्रत्येकाला अर्धवट उत्तर देऊन थकलो. म्हणून जे झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. बी.ए. झाल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन नांदेडच्या लॉ कॉलेजात आले. तिथे आम्ही विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात. मेस कशी आहे, बसस्टँडपासून किती लांब, हजेरीची सक्ती आहे का. कोर्टात उभं राहायला नुसती पदवी पुरत नाही, बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना लागतो, आणि कॉलेजला कौन्सिलची मान्यता नसेल तर सनद मिळत नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. माहीत नाही ते विचारणार कसं?

तीन वर्षांनी पास झालो. त्याच महिन्यात बहिणीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नपत्रिकेत सगळ्या नातेवाइकांची नावं हुद्द्यासकट छापतात. कुणी सरपंच, कुणी चेअरमन, कुणी गुरुजी. अण्णांनी माझ्या नावाआधी 'अ‍ॅड.' टाकायला सांगितलं होतं.

"अण्णा, सनद आली न्हाई अजून," मी म्हणालो.

"येईल की महिन्याभरात. पत्रिका काय परत छापायच्यात का आपल्याला?"

छपाईआधीचा कागद माझ्या हातात होता, पेन खिशात होतं. मी ती दोन अक्षरं खोडली नाहीत. अण्णांसाठी नाही खोडली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मलाही ती बघायला बरी वाटली होती.

सनदेचा अर्ज परत आला. आमच्या प्रवेशाच्या आधीच कॉलेजच्या मान्यतेची मुदत संपली होती. कॉलेजात विचारलं तर म्हणाले, प्रस्ताव गेलाय, मागच्या तारखेपासून मान्यता मिळेल, धीर धरा. मी धीर धरला आणि लातूरला एका ज्येष्ठ वकिलांकडे कारकून म्हणून लागलो. दावे टाइप करायचे, नकला काढायच्या, तारखा लिहून ठेवायच्या.

एक दिवस आमच्या शेजारचे काका पिशवी घेऊन कोर्टात आले. बांधाच्या भांडणात ते खालच्या कोर्टात हरले होते आणि लातूरला अपील करायचं होतं. दुसऱ्या कुणाकडे न जाता ते थेट माझ्याकडे आले. मी कागद तयार केले, वकीलपत्रावर साहेबांची सही घेतली. वकील आमचे साहेब आहेत, मी नाही, हे काकांना सांगायचं राहिलं. खरं तर मी सांगितलं नाही.

तारखेला साहेब दुसऱ्या कोर्टात उलटतपासणीत अडकले. आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "अपील करणाऱ्यातर्फे कोण?"

काका उभे राहिले. "हाय की साहेब, आमचा वकील. त्यो काय, मागं कपाटापाशी उभा हाय."

मला पुढे बोलावलं. "सनद आहे?"

"नाही सर. मी कारकून आहे."

काका माझ्याकडे वळले. "मंग लग्नाच्या पत्रिकेत छापलतं ते?"

पुढच्या खुर्चीवरचे एक वकील म्हणाले, "काका, पत्रिकेत काय, टक्कल पडलेल्या नवऱ्यालाबी चिरंजीव लिहितेत." सगळे हसले. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर काकांनी दोन चहा सांगितले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "खोटं कशाला रं लेकरा? तू कारकून हाय म्हणला असता, तरी तुझ्याकडंच आलो असतो." पुढच्या तारखेआधी त्यांनी दुसरा वकील लावला.

त्यानंतर मी इतर नोकऱ्या बघू लागलो. बँकेच्या कायदा अधिकाऱ्याच्या अर्जात सनद क्रमांकाचा रकाना होता. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. कॉलेजात शिकवायचं म्हटलं तर एलएल.एम. लागते, आणि या पदवीवर तिला प्रवेश मिळेना. एका पतसंस्थेने नोटिसा टाइप करायला बोलावलं, पण माझी पदवी बघून मॅनेजर म्हणाले, "ही कशाला आणली? बारावी पुरे."

साहेबांनी दोनदा सांगितलं, "मान्यता असलेल्या कॉलेजात पहिल्यापासून तीन वर्षं कर. दुसरा रस्ता नाही." पण अण्णांना काय सांगू? शिवाय कॉलेजवाले दर वेळी 'आलीच समजा' म्हणायचे. अशा आशेवर मी दोन वर्षांचे प्रवेश हातचे घालवले. यंदाची मुदतही गेल्या आठवड्यात संपली.

काल दुपारी कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला.

"अभिनंदन! मान्यता आली."

मी खुर्चीतून उठलो. "मागच्या तारखेपासून ना?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही. पुढच्या वर्षीच्या प्रवेशापासून. जुन्या बॅचचा प्रस्ताव नामंजूर झालाय, तसं खाली लिहिलंय." मग ते म्हणाले, "तुमच्या गावाकडची कुणी मुलं असली तर सांगून ठेवा."