बहात्तर तासांतली पहिली गोळी

सोमवारची सकाळ. दीपमालाने नवऱ्याच्या डब्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि दार धडधड वाजलं.

"बेल असताना दार कोण बडवतं?" संघपाल दाढीचा फेस सांभाळत आतून ओरडला.

दारात कमलबाई होती, घंटागाडीवर कचरा गोळा करणारी. "ताई, येक दुखानी गोळी दे ना. बोट ठणकी राहिनं."

पिंप्राळ्यात दीपमालाचं औषधाचं दुकान बारा वर्षांचं. ते उघडतं नऊला; पण गल्लीला तिचं घर ठाऊक, त्यामुळे गिऱ्हाईक थेट स्वयंपाकघरापर्यंत. तिने कधी कुणाला परत पाठवलं नाही, आणि काय झालं ते विचारल्याशिवाय गोळीही दिली नाही.

"बोटाला काय झालं, अक्का?"

"शनवारे सकायमा पिशवी उचली, सुई घुशी गयी. रगतनी भरेल व्हती. पन धनुर्वातनं इंजेक्शन लिधं ना मी! बठ्ठं झायं."

आपल्याकडे हे असंच. खिळा टोचो, काच लागो, नाहीतर दवाखान्याच्या कचऱ्यातली सुई, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं की विषय संपला. दीपमालाने गॅस बंद केला आणि बोटांवर तास मोजले. अठ्ठेचाळीस उलटले होते. अशा सुईतून एचआयव्हीचा धोका थोडाच असतो, पण असतो. तो टाळणारं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. त्या गोळ्यांची नावं तिला पाठ होती. दुकानात मात्र त्या नव्हत्या, आणि असत्या तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता आल्या नसत्या.

तिने नीट समजावून सांगितलं. कमलबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे माले तो रोग झाया?"

"झाला नाही. होऊ नये म्हणून तर पळायचं. आत्ताच."

"खाडा पडी ना ताई! मुकादम काय म्हनी?"

"त्याला फोन मी करते. गाडीवर बस."

"आणि माझा डबा?" संघपालने विचारलं.

"पीठ मळलेलं आहे, तवा गरम आहे. इंजिनिअर झालात, एवढं जमेल."

सरकारी रुग्णालयात दीपमालाने सुई कधी, कुठे, किती खोल गेली हे एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी मान वर केली. "नर्स आहात?"

"नाही. औषधवाली."

रक्त घेतलं, आणि दहाच्या आत पहिली गोळी कमलबाईच्या पोटात गेली.

खरं काम तर पुढेच होतं. अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. सहाव्या दिवशी मळमळीने कमलबाई टेकीला आली. "बंद करी टाकू का वं?" दीपमालाने डॉक्टरांना फोन लावला, मळमळीवर काय द्यायचं ते विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून घंटागाडीच्या वेळी स्वतः फाटकात उभी राहू लागली. हातात चहा आणि दोन खारी. आधी खायचं, मग गोळी, मग जीभ बाहेर काढून दाखवायची.

शेजारच्या इंदिराबाईंना राहवेना. "काय गं कमल, रोज कसल्या गोळ्या?"

"तुम्हना घरना कचरा उचलाले ताकद लागस ना, तेन्ह्या शेतस!"

इंदिराबाई आत गेल्या. फाटकाशी दोघी पोट धरून हसल्या.

तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. कमलबाई भर गर्दीत दुकानाच्या काउंटरशी आली, कागद पुढे केला आणि म्हणाली, "वाच. मोठ्याने नको, पन वाच." दीपमालाने वाचलं. एचआयव्ही नव्हता, सगळं चांगलं होतं. तिने कागद घडी घालून परत दिला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाचं खोकल्याचं औषध काढायला वळली. एवढ्या वर्षांत हजारो गोळ्या हातून गेल्या होत्या. ही एक, जी दुकानातून गेलीच नाही, तिचा अभिमान तिला सर्वांत जास्त वाटला.

गेल्या महिन्यात धुळ्याला औषधविक्रेत्यांच्या बैठकीला आरोग्य खात्याचे अधिकारी आले होते. दीपमालाने कुणाचंही नाव न घेता हे सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला आमच्याकडून काय हवं?"

"तुमच्या या जिल्ह्यात शिंदखेड्याच्या आतल्या गावातून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच अर्धा दिवस जातो, साहेब," ती म्हणाली. "तपासणी तुम्ही करा, उपचार डॉक्टर ठरवतील. फक्त पहिली गोळी, डॉक्टरांनी फोनवर सांगितल्यावर, आमच्या दुकानातून देऊ द्या."